बदली होऊ शकेल असे संकेतस्थळ

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे नाव देशभर ऐकू येते ते तेथील कपड्यांच्या बाजारामुळे. परंतु बाजार हा त्या वस्तीचा केवळ एक भाग आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी राजधानीत ज्या वसाहती उभारल्या गेल्या, त्यांपैकी ही एक होय. प्रारंभी हा परिसर विनय नगर म्हणून ओळखला जाई; पुढे त्याला सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले. शेजारच्या वसाहतींना दादाभाई नौरोजी, राणी लक्ष्मीबाई आणि नेताजी यांची नावे आहेत. अशा वसाहतीत राहणारा कर्मचारी आपल्या राहत्या जागेला सहसा ‘घर’ म्हणत नाही. तो ‘क्वार्टर’ म्हणतो. या एका शब्दात त्या जीवनाचे मर्म सामावलेले आहे. क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर सुटते.

मोठ्या माणसांची बदली झाली की मुलांचीही होते. एप्रिलमध्ये पटावर असलेली चाळीस मुले पुढच्या एप्रिलमध्ये तीच असतील, याची खात्री कोणताही शिक्षक देऊ शकत नाही. ही अडचण शासनाने फार पूर्वीच ओळखली होती. बदलीपात्र कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालयांची योजना १९६२ साली मंजूर झाली आणि १९६३ पासून अमलात आली, ती याच कारणाने. सर्वत्र एकच अभ्यासक्रम असला, तर नागपूरच्या वर्गातून उठलेले मूल दिल्लीच्या वर्गात येऊन बसू शकते व त्याचे वर्ष वाया जात नाही. मूल हलते, पण अभ्यास तुटत नाही. ही कल्पना साधी, तरीही दूरदृष्टीची होती. संगणकाच्या क्षेत्रात हीच कल्पना निराळ्या रूपाने पुन्हा भेटते, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा तोच विषय आहे.

तथापि, सरोजिनी नगरात अलीकडच्या काळात केवळ माणसेच हलली असे नाही, वस्तीही हलली. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली. त्यांत सरोजिनी नगर होते. बैठी व दुमजली जुनी घरे पाडून त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभारावयाच्या, अशी ती योजना. तिच्यासाठी हजारो झाडे तोडावी लागणार, हे उघड होताच नागरिक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, आणि जून २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीला तात्पुरती मनाई केली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये याच भागातील सुमारे दोनशे झोपड्या हटविण्याची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असताना मुलांच्या डोक्यावरील छप्पर जाते आहे, हा मुद्दा त्या वेळी न्यायालयापुढे होता. क्वार्टरमधील मूल आणि झोपडीतील मूल यांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे खरेच. पण आपला पत्ता टिकेल याची शाश्वती दोघांनाही नाही.

अशा ठिकाणच्या वर्गाने वर्षभर केलेले काम कोठे राहते? मुलांनी केलेली निरीक्षणे, लिहिलेले निबंध, काढलेले नकाशे, आजीआजोबांना विचारून जमविलेल्या गोष्टी यांचे मार्चअखेर काय होते? बहुधा वह्या रद्दीत जातात, तक्ते कपाटावर धूळ खातात आणि वर्ग विखुरला की त्याची स्मृतीही विखुरते. वर्गासाठी एक साधे संकेतस्थळ का बांधावे, या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. ते शोभेसाठी बांधावयाचे नाही, किंवा शाळा आधुनिक झाली हे दाखविण्यासाठीही नाही. वर्गाने मिळविलेले ज्ञान वर्ग पांगल्यावरही एका ठिकाणी राहावे, हा त्याचा हेतू आहे.

ही गरज नवी नाही, आणि ती भागविण्याचे प्रयत्नही नवे नाहीत. महाराष्ट्रातील शाळांत हस्तलिखित काढण्याची प्रथा जुनी आहे. सुवाच्य अक्षराच्या मुलांनी लेख उतरवून काढावयाचे, चित्रकलेत गती असलेल्यांनी मुखपृष्ठ रंगवावयाचे आणि वर्षाच्या शेवटी तो एकुलता एक अंक शाळेच्या वाचनालयात ठेवावयाचा. त्याचेच भावंड म्हणजे भित्तिपत्रक. हस्तलिखित टिकते, पण ते एका वेळी एकालाच वाचता येते. भित्तिपत्रक सर्वांना वाचता येते, पण ते टिकत नाही. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी या पेचातून एक वाट काढली. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती आणि वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे त्यांना झेपत नसे. बार-स्युर-लू या खेड्यातील शाळेत त्यांनी १९२४ साली एक लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुले आपला मजकूर स्वतः लिहीत, स्वतः खिळे जुळवीत आणि स्वतः छापीत. छापलेली पाने ती दूरच्या दुसऱ्या शाळेतील मुलांना पाठवीत आणि त्यांची पाने वाचीत. या प्रयोगाचा गाभा यंत्रात नव्हता. आपले लिहिणे कोणीतरी खरोखर वाचणार आहे, ही जाणीव मुलाला लिहिताना असते तेव्हा ते अधिक नेमके लिहिते, हा त्याचा गाभा होता. वर्गाचे संकेतस्थळ हे हस्तलिखिताचा टिकाऊपणा, भित्तिपत्रकाचा खुलेपणा आणि फ्रेने यांच्या मुद्रणयंत्राची पोच एकत्र आणू शकते. ‘शकते’ हा शब्द मात्र येथे महत्त्वाचा आहे. कारण ते आपोआप होत नाही.

दिल्लीने या बाबतीत दोन प्रयोग पाहिले आहेत. त्यांतील भेद उद्बोधक आहे. जानेवारी १९९९ मध्ये कालकाजी येथे सुगत मित्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसविला. त्याचे तोंड पलीकडील झोपडवस्तीकडे होते. कोणी शिकविले नसतानाही मुले तो वापरावयास शिकली. भिंतीतील छिद्र म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. दुसरा प्रयोग इतका गाजला नाही. मे २००१ मध्ये लोकनायक जयप्रकाश रुग्णालयाजवळच्या वस्तीत ‘अंकुर’ ही शिक्षणक्षेत्रातील संस्था आणि विकसनशील समाज अध्ययन पीठाचा ‘सराय’ हा विभाग यांनी मिळून ‘सायबरमोहल्ला’ सुरू केला. मुक्त आज्ञावलींवर चालणारे थोडे संगणक, एक खोली आणि वस्तीतील तरुण मुले-मुली, एवढीच त्याची सामग्री. तेथे मुले यंत्र वापरावयास शिकली, पण त्यावर थांबली नाहीत. ती आपल्या गल्लीविषयी लिहू लागली, भित्तिपत्रके काढू लागली. त्यांच्या लेखनाची पुस्तके निघाली. पुढे यमुनेच्या काठच्या नांगला माची या वस्तीतही अशी खोली उघडली. २००६ साली ती वस्ती पाडली गेली. परंतु पाडापाडी चालू असतानाच तेथील तरुणांनी ती दिवसेंदिवस लिहून ठेवली आणि महाजालावर प्रसिद्ध केली. घरे गेली, लेखन उरले. कालकाजीच्या प्रयोगाने मूल यंत्र वापरू शकते हे दाखविले. सायबरमोहल्ल्याने मूल यंत्राच्या साहाय्याने स्वतःची नोंद ठेवू शकते हे दाखविले. वर्गाच्या संकेतस्थळाचे नाते दुसऱ्या प्रयोगाशी आहे.

आता ‘मुक्त आज्ञावली’ म्हणजे काय, हे पाहणे प्राप्त आहे. संगणकाला काम सांगणारा जो मजकूर असतो त्यास आज्ञावली म्हणतात. बहुसंख्य व्यापारी आज्ञावली बंद पेटीसारख्या असतात: त्या वापरता येतात, पण आत काय आहे ते पाहता येत नाही, बदलता येत नाही आणि दुसऱ्यास देता येत नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी याला पर्याय उभा करण्याची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याही हेतूने वापरणे, ती तपासून बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि आपण केलेल्या सुधारणाही वाटणे, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्यास असावीत, असे त्यांचे म्हणणे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि १९९८ पासून ‘मुक्त स्रोत’ हे नावही प्रचारात आले. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या दोहोंना एकच शब्द असल्याने तेथे फार गोंधळ होतो. मराठीला ही अडचण नाही. मोफत मिळालेली वस्तू देणारा उद्या परत घेऊ शकतो. मुक्त असलेली वस्तू ज्याच्या हाती आली त्याची होते. शिक्षकाने हा भेद मनावर कोरून ठेवावा, कारण पुढचे सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे.

या भेदाची किंमत अनेकांनी मोजली आहे. १९९० च्या दशकात ‘जिओसिटीज’ या सेवेने लोकांना विनामूल्य पाने बांधू दिली. लक्षावधी लोकांनी ती बांधली. २००९ साली ती सेवा बंद झाली. पुढे शिक्षकांमध्ये विशेष प्रिय असलेली ‘विकिस्पेसेस’ ही सेवाही २०१८ मध्ये गुंडाळली गेली. ज्यांना वेळीच कळले त्यांनी आपला मजकूर काढून घेतला. इतरांच्या वर्गांची वर्षानुवर्षांची पाने गेली. येथे कोणी लबाडी केली असे नव्हे. घर दुसऱ्याचे होते आणि घरमालकाने ते मोडले, इतकेच. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

म्हणून वर्गाच्या संकेतस्थळाची पहिली कसोटी अशी: त्याची बदली करता येते काय? एका यंत्रावरून उचलून दुसऱ्या यंत्रावर, एका शिक्षकाच्या हातून दुसऱ्या शिक्षकाच्या हाती, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत ते जसेच्या तसे नेता येते काय? केंद्रीय विद्यालयातील मूल जसे समान अभ्यासक्रमाच्या बळावर नव्या वर्गात बसते, तसे संकेतस्थळ समान आणि खुल्या मानकांच्या बळावर नव्या यंत्रावर बसले पाहिजे. सुदैवाने महाजालाचा पायाच तसा घातलेला आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत त्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने महाजालाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. पान लिहिण्याची जी भाषा त्यांनी योजली, ती एचटीएमएल, आजही साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. तीस वर्षांपूर्वी लिहिलेले साधे पान आजच्या संगणकावरही उघडते. संगणकाच्या जगात इतके दीर्घायुष्य फार थोड्या गोष्टींना लाभले आहे.

बांधणीचे मार्ग मुख्यतः दोन. पहिल्या मार्गात प्रत्येक पान ही एक स्वतंत्र फाईल असते. साध्या मजकूर-संपादकात ती लिहावयाची. कोणते शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणती यादी हे खुणांनी दाखवावयाचे. सर्व फाईली व चित्रे एका फोल्डरमध्ये ठेवावयाची, आणि फायरफॉक्ससारख्या मुक्त ब्राउझरमध्ये उघडून पाहावयाची. यासाठी इंटरनेटचीही गरज नाही. शाळेतील एका जुन्या संगणकावर लिनक्स आणि पाने वाटणारी ‘अपाची’सारखी मुक्त आज्ञावली बसविली, की शाळेच्या आवारातील इतर संगणकांवर तेच फोल्डर वाचता येते. अशा स्थळाची बदली करणे म्हणजे फोल्डरची प्रत करणे. ती पेन ड्राइव्हवर मावते.

दुसऱ्या मार्गात पाने आज्ञावली तयार करते आणि मजकूर माहितीकोशात साठविला जातो. २००३ साली आलेली ‘वर्डप्रेस’ ही या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध मुक्त आज्ञावली. तीत लिहिणे सोपे, अनेकांनी मिळून काम करणे सोपे. परंतु तिची निगा राखावी लागते. सुधारित आवृत्त्या वेळेवर न बसविल्यास चोरांना वाट मिळते. केवळ पाने नव्हे, तर पाठ, चाचण्या आणि गृहपाठ जमा करण्याची सोय हवी असल्यास ‘मूडल’ आहे. तिचे कर्ते मार्टिन डुगियामस यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले; तेथे त्यांची शाळा रेडिओवर भरत असे. दूर राहणाऱ्या मुलाची अडचण त्यांनी स्वतः भोगलेली होती, हे त्यांच्या कामात जाणवते. एकाच पानावर अनेकांनी लिहावे आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी, असे वाटल्यास ‘मीडियाविकी’ ही विकिपीडियामागील आज्ञावली उपयोगी पडते. केरळने तिच्याच आधारे २००९ साली ‘स्कूलविकी’ उभारली. राज्यातील हजारो शाळांची माहिती त्या शाळांनीच तीत लिहिली.

पहिल्यांदाच बांधणाऱ्या शिक्षकाने यांपैकी कोणता मार्ग धरावा? पहिला. त्याचे कारण केवळ सोपेपणा नव्हे. जी वस्तू समजते तीच दुसऱ्याच्या हाती सोपविता येते. पाच साध्या पानांचे स्थळ सहावीतील मूलही एका दुपारी समजून घेऊ शकते आणि पुढच्या वर्षी सातवीतील मूल म्हणून नव्या मुलांना शिकवू शकते. स्थळ वाढले, लिहिणारे हात वाढले, की दुसऱ्या मार्गाकडे वळता येते. मजकूर साधा असल्यास तो तिकडे नेणेही अवघड जात नाही.

उदाहरणादाखल असे समजू या की सरोजिनी नगरातील सहावीच्या एका वर्गाने आपल्या स्थळासाठी ‘आमच्या भोवतालची झाडे’ हा विषय घेतला. मुखपृष्ठावर वर्गाचे नाव, शालेय वर्ष आणि इतर पानांकडे नेणारे दुवे. दुसऱ्या पानावर झाडांची नोंदवही: क्रमांक, झाडाचे नाव, ठिकाण, खोडाचा घेर आणि मोजल्याची तारीख. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजण्याची वनखात्याची रीत आहे. तीच पाळल्यास पुढच्या वर्षीच्या वर्गाला आपली मोजमापे आधीच्या मोजमापांशी ताडून पाहता येतील. तिसऱ्या पानावर नावांचा कोश: हिंदीत शहतूत म्हणतात ते मराठीत तुती, हिंदीतील सेमल ती काटेसावर, नीम तो कडुनिंब. पटावरील मुले देशभरातून आलेली असल्याने हा कोश मुलांच्या घरांतूनच भरत जातो, आणि ज्या मुलाची भाषा वर्गात एरवी कधी ऐकू येत नाही तेही या पानाचे लेखक होते. चौथ्या पानावर मोठ्यांच्या आठवणी. पाचव्या पानावर हे स्थळ कोणी, कसे आणि कशाच्या साहाय्याने बांधले, त्याची माहिती. या पाचव्या पानाकडे सहसा दुर्लक्ष होते. खरे पाहता पुढे येणाऱ्यासाठी तेच सर्वांत उपयुक्त असते.

२०१८ साली ज्या झाडांवरून न्यायालयात वाद झाला, त्यांची अशी नोंदवही एखाद्या वर्गाने त्याआधी ठेवलेली असती, तर तिचे मोल केवढे ठरले असते, याची कल्पना करता येईल. ती नोंद असती तर एकही झाड वाचले असते, असे मुळीच म्हणता येणार नाही. पण काय होते आणि काय गेले, हे मुलांच्या अक्षरांत उरले असते.

या कामात लिपीचा प्रश्न पुढे येतो. एके काळी मराठीतील अनेक पाने विशिष्ट फाँटवर अवलंबून असत. तो फाँट वाचणाऱ्याच्या यंत्रावर नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड मानकात देवनागरीला १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले, आणि ही अडचण हळूहळू दूर झाली. वर्गाच्या स्थळावरील सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा. पान कोणत्या भाषेत आहे तेही त्याच्या आरंभी नमूद करावे. काही फाँट ती खूण पाहून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवितात. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फाँटही आज उपलब्ध आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा त्यांपैकीच एक.

चित्रांच्या बाबतीत संयम हवा. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज चार मेगाबाइटचे असते. अशी चाळीस छायाचित्रे पानावर टाकली, तर स्वस्त मोबाइलवर ते पान उघडता उघडत नाही. ‘गिंप’ या मुक्त आज्ञावलीने चित्र लहान केल्यास ते दोन-अडीचशे किलोबाइटवर येते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. प्रत्येक चित्रासोबत ते कशाचे आहे हे एका वाक्यात लिहावे. कारण दृष्टिहीन वाचकासाठी पान मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली तेच वाक्य वाचतात. ‘एनव्हीडीए’ ही अशीच एक मुक्त आज्ञावली असून दोन ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन तरुणांनी ती सुरू केली. झाडाचे चित्र पाहू न शकणाऱ्या वर्गमित्रालाही झाडाचे पान वाचता आले पाहिजे.

मुलांची छायाचित्रे मात्र शक्यतो टाळावीत. झाडाचा पत्ता सर्वांना कळावा. मुलाचा कळू नये. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, हे तत्त्व घालून दिले आहे. परंतु कायदा नसता तरीही विवेकाने हेच सांगितले असते. लेखाखाली पहिले नाव पुरे. झोपडीतील मूल कोठे राहते, क्वार्टरमधील मुलाच्या वडिलांचे पद काय, या गोष्टींना वर्गाच्या पानावर जागा नाही. चौथ्या पानावर ज्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी द्यावयाच्या त्यांनाही आधी विचारावे, आणि लिहिलेले वाचून दाखवावे.

आता बदलीच्या वेळी काय करावे, ते पाहू. येथेच बहुतेक स्थळे बुडतात. उत्साही शिक्षक स्वतःच्या नावाने संकेतस्थळाचा पत्ता नोंदवितो, स्वतःच्या खिशातून वार्षिक शुल्क भरतो आणि परवलीचा शब्द स्वतःच्या स्मरणात ठेवतो. त्याची बदली होते. वर्षभराने शुल्क थकते आणि स्थळ नाहीसे होते. दोष शिक्षकाचा नाही. व्यवस्था एकाच माणसावर उभी होती. म्हणून पत्ता शाळेच्या नावे नोंदवावा. परवलीचे शब्द बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत आणि कार्यभार देण्याघेण्याच्या यादीत, प्रयोगशाळेच्या किल्ल्यांच्या शेजारी, त्यांची नोंद असावी. सर्व फाईलींच्या तीन प्रती असाव्यात: एक चालू यंत्रावर, दुसरी वेगळ्या साधनावर, तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर. आणि वर्ष संपताना शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला, दाखल्याबरोबर, संपूर्ण स्थळाची एक प्रत द्यावी. आज्ञावली मुक्त असल्याने आणि मुलांनी आपला मजकूर वाटून घेण्यास मान्यता दिलेली असल्याने असे करण्यात परवान्याची कोणतीही अडचण येत नाही. बंद पेटीतील स्थळाच्या बाबतीत हे शक्य झाले नसते.

येथे एक शंका घेतली जाईल. आज बहुतेक वर्गांचा मोबाइलवर पालकांचा गट असतो. गृहपाठ, सूचना, छायाचित्रे सारे त्यावर जाते. मग वेगळ्या स्थळाचा खटाटोप कशासाठी? गट निरोपासाठी उत्तम आहे, यात वाद नाही. परंतु निरोप वाहून जाण्यासाठीच असतो. गेल्या जुलैत कोणत्या मुलाने जांभळाविषयी काय लिहिले, हे गटात शोधू पाहणाऱ्यास हा फरक कळतो. शिवाय गटात येण्यासाठी स्वतःचा मोबाइल लागतो, आणि नव्या मुलाला आधीचे सारे सहसा दिसत नाही. स्थळ मात्र शाळेच्या संगणकावरही वाचता येते. वर्षाच्या मध्यात आलेले मूल पहिल्या दिवशीच आधीच्या वर्गांनी काय केले ते पाहू शकते. दुसरी शंका वेळेची. शिक्षकावर आधीच कामाचा बोजा आहे, हे अगदी खरे. म्हणूनच स्थळ लहान असावे. महिन्यातून एक पान नीट लिहिणे हे रोज दहा पाने भरण्यापेक्षा केव्हाही बरे. हस्तलिखितही वर्षातून एकदाच निघत असे, आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही.

सारांश, साधनाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. वर्गाचे काम कोणाच्या मालकीचे राहील, हे तीच ठरविते. स्थिर गावातील शाळेला कदाचित या प्रश्नाची धग जाणवणार नाही. तेथे वर्षानुवर्षे तीच घरे, तीच आडनावे, तोच पार असतो. सरोजिनी नगरासारख्या वस्तीला ती जाणवते, कारण तेथे बदलीचा हुकूम केव्हाही येऊ शकतो, माणसाच्या, घराच्या आणि झाडाच्याही. असा हुकूम वर्गाला थांबविता येत नाही. पण तो येईल तेव्हा बांधाबांध करावयाच्या सामानात वर्गाने लिहिलेले सारे काही असावे, इतकी तजवीज करणे वर्गाच्या हाती आहे. त्यासाठी लागणारी साधने खुली आहेत, ती शिकता येतात, आणि शिकलेल्याने पुढच्याला शिकवावीत अशीच त्यांची घडण आहे. मार्च महिन्यात शाळा सोडणाऱ्या मुलाच्या दप्तरात एका पेन ड्राइव्हइतकी जागा नेहमीच असते.